स्क्रीनच्या आधी पोचणारी बोटं

घाटकोपर पूर्वेला भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर एक पॅथॉलॉजी लॅब आहे. तिथं नोंदणीच्या काउंटरवर हिल्डाला बसून सव्वीस वर्षं झाली. त्यातली तेवीस वर्षं तिचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं. उरलेली तीन तिनं जळण्यात घालवली. ती चांगली बाई आहे, माउंट मेरीच्या जत्रेला अख्ख्या लॅबसाठी खारे चणे आणते, पण हेही खरंच आहे.

सकाळी सात ते दहा हा लॅबचा खरा धंद्याचा वेळ. उपाशीपोटी आलेली माणसं जिन्यापासून उभी असतात. उपाशीपोटी, बिनचहाची, वर म्हातारी आणि वर डायबेटिसची माणसं म्हणजे काय प्रकार असतो, हे काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिल्याशिवाय कळायचं नाही. हिल्डा त्यांना पाच मिनिटंही उभं राहू देत नसे. कुर्ल्याच्या गावठाणातून पहिल्या बसनं यायची, खुर्चीत बसायची, खोचायला पदर नसल्यामुळे फ्रॉकच्या बाह्याच वर सारून घ्यायची आणि सुरू व्हायची.

तेव्हा कॉम्प्युटरची स्क्रीन काळी होती आणि अक्षरं हिरवी. माऊस नावाची चीज नव्हतीच. एफ-टू दाबलं की नवा पेशंट. नाव, वय, फोन, एंटर. मग दुसरी स्क्रीन यायची, तिथं तपासण्यांचे नंबर टाकायचे. उपाशीपोटीची शुगर बारा, थायरॉइड एक्केचाळीस, साधी रक्ताची मोजणी, म्हणजे सीबीसी, दोन. असे एकशेऐंशी नंबर हिल्डाला तोंडपाठ होते. शेवटी एफ-टेन, की नळ्यांवर चिकटवायची लेबलं खर्रकन बाहेर.

एवढं तर कुणीही शिकलं असतं. हिल्डाची करामत वेगळी होती. पहिली स्क्रीन जाऊन दुसरी येईपर्यंत ते मशीन दोन सेकंद विचार करायचं. बाकीचे सगळे तेवढा वेळ हात मांडीवर ठेवून बसायचे. हिल्डा थांबायचीच नाही. दुसरी स्क्रीन आलेली नसतानाच ती तिचे नंबर दाबून मोकळी व्हायची. मशीन ती बटणं पोटात धरून ठेवायचं, आणि स्क्रीन आली रे आली की एकेक नंबर बरोब्बर आपापल्या जागी पडायचा. हिल्डा तोवर स्क्रीनकडे बघतही नसे. ती पेशंटकडे बघायची. "काका, काल रात्री जेवलात किती वाजता?" असं विचारायची, आणि काकांचं उत्तर पुरं व्हायच्या आत लेबल हातात.

तिच्या बोटांना एक खोडही होती. फार पूर्वी कुणीतरी तिच्या कीबोर्डवर चहा सांडला होता, तेव्हापासून एंटर अडकायचं, दोनदा दाबावं लागायचं. तो कीबोर्ड भंगारात गेला, पण बोटाची सवय राहिली. नंबर संपले की शेवटी टक-टक, दोनदा. दुसरा टक रिकाम्या ओळीवर पडायचा. त्यानं नोंदीला ना फायदा होता ना तोटा.

काउंटर दोन होते. शेजारचा रिकामा असला तरी लोक हिल्डाच्याच रांगेत उभे राहायचे. पंतनगरचे मधुकर सामंत हे निवृत्त हेडक्लार्क तर दर महिन्याला शुगरसाठी यायचे आणि दुसऱ्या काउंटरनं बोलावलं की मान हलवायचे. "नको, मी हिल्डाबाईंकडेच." हे वाक्य ऐकून हिल्डा वर बघायची नाही, पण त्या दिवशी घरी नवऱ्याला ते दोनदा ऐकावं लागायचं. नवऱ्याला सगळं गावठाण रोझारिओ म्हणायचं आणि हिल्डाही रोझारिओच म्हणायची.

मग निधी आली. मुलुंडची, तेविशीतली, हसतमुख. लॅबच्या मालक डॉक्टरांनी तिला चार महिने हिल्डाच्या शेजारी शिकायला बसवलं. हिल्डानं तिला एफ-टू दाखवलं, एफ-टेन दाखवलं, आणि मधलं सगळं स्वतःजवळ ठेवलं. पोरगी काही विचारायला लागली की हिल्डाला नेमका फोन यायचा.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी काळी स्क्रीन मोडीत काढली आणि नवं रंगीत सॉफ्टवेअर आणलं. त्यात प्रत्येक गोष्टीचं चित्र होतं आणि प्रत्येक चित्रावर माऊसचा बाण नेऊन दाबायचं होतं. नाव टाइप करा, हात उचला, माऊस धरा, बाण कुठं हरवला ते शोधा, नेम धरा, दाबा, परत कीबोर्डवर या. तपासण्यांचे नंबर गेले, त्यांच्या जागी एक भलीमोठी यादी आली, ती गरागरा खाली न्यायची. एका पेशंटला अकरा वेळा नेम धरावा लागायचा. रांग जिना उतरून गल्लीत गेली. तेवीस वर्षं ज्या हातांनी राज्य केलं ते हात माऊसवर नवशिके झाले. आणि निधी? तिचा माऊस असा फिरायचा, जसा कढईत झारा. वर्षभरात लोक निधीच्या रांगेत उभे राहायला लागले.

हिल्डाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दुःख असं, की निधीचा राग यावा असं निधी काही करतच नव्हती. डब्यातलं अर्धं हिल्डापुढे सरकवायची, "आंटी, तुमची बस चुकेल, मी आवरते" म्हणायची. ती उद्धट असती तर हिल्डानं तिला केव्हाच उभी-आडवी घेतली असती. चांगल्या माणसावर जळायचं तर ते मनातल्या मनातच जळावं लागतं, आणि तसं जळणं फार दमवतं. दोन वर्षं हिल्डा रोज दमून घरी जायची.

मग इरावती आली. सॉफ्टवेअर कंपनीकडून आली होती, बोरीवलीहून. स्क्रीनवर काय कुठं असावं आणि कशानं चालावं, हे ठरवण्याचं तिचं काम. आल्या आल्या काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "मला अख्खी नोंदणी माऊसला हात न लावता झालेली बघायचीय. हात कीबोर्डवरून उठला, की समजा मी हरले."

हिल्डाला वाटलं, उठून या पोरीची पापी घ्यावी. डॉक्टरही म्हणाले, "मग आमच्या हिल्डाला विचारा. कीबोर्डवर तिच्यासारखी कुणी नव्हती." नव्हती, असं म्हणाले. तो भूतकाळ हिल्डानं ऐकून सोडून दिला. दुसऱ्या दिवशी ती रविवारचा निळा फ्रॉक घालून आली. स्टूल पुसून आपल्या खुर्चीशेजारी ठेवलं.

इरावती आली, ते स्टूल उचललं आणि निधीच्या शेजारी नेऊन बसली.

"आधी नवीन माणसाला कुठं अडतं ते बघते, हिल्डा मॅडम. मग तुमच्याकडे," ती म्हणाली. कारण अगदी योग्य होतं. पण ज्याचं स्टूल उचलून नेलं जातं त्याला योग्य कारणाचा काही उपयोग नसतो. तीन दिवस ती निधीकडेच बसली. दोघी एका वयाच्या असल्यासारख्या बोलायच्या.

"इरावती, प्रत्येक चौकटीखाली तिचं बटण बारीक अक्षरात लिहून टाक ना यार. मग पाठ करायलाच नको कुणाला."

"झकास! टाकते."

हिल्डा शेजारून ऐकत होती. तिनं जे पाठ करायला तीन वर्षं घालवली, ते आता स्क्रीनच्या तळाशी लिहून मिळणार होतं. कुणालाही. तिला राहवलं नाही. "नंबर परत आण गं," ती मान न वळवता म्हणाली. "यादीत शोधत बसण्यापेक्षा बारा दाबलं की शुगर."

इरावती टाळी वाजवून उठली. "हेच हवं होतं! तुम्हाला आठवतात सगळे?"

हिल्डानं एकशेऐंशी नंबर बसल्या जागी सांगितले. मधे एकदाही अडखळली नाही. दोघी तोंडात बोट घालून ऐकत होत्या, आणि हिल्डाला दोन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटत होतं. मग इरावती म्हणाली, "निधी, तू टाइप करून घेतेस? छापून दोन्ही काउंटरवर चिकटवू." संध्याकाळी ते नंबर निधीच्या समोर भिंतीवर होते, रंगीत कागदावर, खाली निधीनं काढलेलं फूल.

चौथ्या दिवशी हिल्डाची पाळी आली. इरावतीनं माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढून घेतला होता. काळी स्क्रीन पुन्हा लागली. हिल्डाच्या हातांवर रोखून तिनं फोन स्टँडला लावला. "तुम्ही पूर्वी करायचात अगदी तसंच करा. तुमच्या बोटांसारखं मला नवीन सॉफ्टवेअर बनवायचंय."

आता हे ऐकून कुणाचीही छाती फुगली असती. हिल्डाचीही फुगली. तिनं एफ-टू दाबलं, नाव, वय, फोन भरला, आणि एंटरवर बोट गेलं तेव्हा तिला मागे कुणीतरी दिसलं. निधी वही घेऊन उभी होती.

हिल्डानं मनातल्या मनात मोजलं. नंबर गेले, बटणं गेली, रांग गेली. ही एकच गोष्ट उरलीय माझ्याजवळ, तीही या पोरीच्या वहीत जायची? महिन्याभरात ही माझ्यासारखी होईल. मग हिल्डा कोण? काउंटरवरची एक म्हातारी आंटी.

तिनं एंटर दाबलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. स्क्रीन यायची वाट बघत बसली. ते दोन सेकंद तिला फार जड गेले. स्क्रीन आली, मग तिनं नंबर टाकले.

इरावतीनं घड्याळ बघितलं. "तुम्ही दर वेळी असंच थांबता?"

"थांबते," हिल्डा म्हणाली. "स्क्रीन आल्याशिवाय नंबर कसा टाकणार?"

निधीनं वहीतून मान वर केली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. हिल्डानं ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायची तिला त्या दिवशी गरज वाटली नाही. आपली शेवटची चीज वाचली, याच खुशीत ती घरी गेली आणि रोझारिओसाठी बोंबील तळले.

नवं सॉफ्टवेअर नाताळ झाल्यावर आलं. खरोखर छान होतं. माऊस नुसता पडून राहिला. पहिल्याच आठवड्यात रांग जिन्यातून वर आली, आणि दहाच्या ठोक्याला हॉल रिकामा व्हायला लागला. निधी झपाझप चालली होती. आणि हिल्डा, जिच्यासाठी म्हणून हे बनवलं, ती धडपडत होती.

कारण खोटं बोलली होती ती जिभेनं. बोटांना ते कुणी सांगितलं नव्हतं. पुढं कीबोर्ड आला, नंबर आले, की बोटं तेवीस वर्षांच्या सवयीनं स्क्रीनच्या आधी धावायची. पण हे नवं सॉफ्टवेअर पेशंटची जुनी माहिती शोधायला दीड सेकंद घ्यायचं, आणि तेवढ्यात दाबलेली बटणं पोटात धरून ठेवत नव्हतं, टाकून देत होतं. सगळे थांबतातच, असं बनवणारीनं समजलं होतं. समजणारच. खुद्द हिल्डानं तसं सांगितलं होतं. आता कधी तिचा अख्खा नंबर गायब व्हायचा, कधी अर्धा. पुन्हा मागे जा, खोडा, भरा. बोटांना आवर घालायला गेली की स्पेलिंगच चुकायचं. निधी तीन पेशंट सोडायची तेव्हा हिल्डाचे दोन व्हायचे.

जानेवारीतल्या एका सोमवारी मधुकर सामंत आले. सवयीनं हिल्डापुढे उभे राहिले. तिनं त्यांच्या डोळ्यांत बघत विचारलं, "काका, आज मफलर? थंडी वाजते की काय?" आणि बोटं पुढे धावली. बारा दाबलं. त्यातला एक हवेत गेला, दोन तेवढा स्क्रीनवर पडला. शेवटी टक-टक, एफ-टेन. हिल्डानं स्क्रीनकडे पाहिलं नाही. तिनं कधीच पाहिलं नव्हतं.

लेबल सीबीसीचं निघालं. त्याप्रमाणे आतल्या माणसानं जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं. शुगरची करड्या टोपणाची नळी भरलीच नाही. संध्याकाळी सामंतांच्या हातात जो रिपोर्ट पडला त्यात शुगर सोडून सगळं होतं.

मंगळवारी सकाळी ते पुन्हा उपाशीपोटी आले. जिना चढून घाम आला होता, हात थोडा थरथरत होता. हिल्डा खुर्चीतून अर्धी उठली. "काका, सॉरी, माझ्याकडून..."

"असू दे हो. माणूस आहे, चूक होते," सामंत म्हणाले. मनापासून म्हणाले. आणि निधीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

निधीपुढे चार जण होते. हिल्डापुढे कुणीच नव्हतं. तिनं त्यांना बोलावलं नाही. निधीनं त्यांचा नंबर टाकला, स्क्रीनवर बोट ठेवून त्यांना दाखवला, "काका, शुगर, बारा, बघा." सामंतांनी मान डोलावली. हिल्डाला त्या क्षणी निधीचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी त्या थरथरत्या हातासाठी नव्हतं हे तिचं तिला कळलं. त्याची मात्र तिला लाज वाटली.

घरी तिनं रोझारिओला सगळं सांगितलं. तो वाडीतल्या विहिरीजवळ जाळं विणत बसला होता. त्यानं गाठ पुरी केली.

"तू खोटा बोललीस?"

"बोलली."

"मंग आता खरा सांग," तो म्हणाला आणि पुढची गाठ घ्यायला लागला.

बुधवारी तिनं इरावतीला फोन केला. इरावती दुपारीच आली. हॉल रिकामा होता, निधी जेवायला गेली होती. हिल्डानं एका दमात सांगून टाकलं: ती थांबत नाही, कधीच थांबत नव्हती, स्क्रीनच्या आधी नंबर टाकायची, आणि मुद्दाम सांगितलं नाही.

इरावती चिडली नाही. स्टूल ओढून बसली. मग म्हणाली, "मला माहीत होतं. म्हणजे, निधीनं सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. म्हणाली, 'आंटी स्क्रीनच्या पुढे धावतात. मी चार महिने शेजारी बसून बघितलंय. मला जमत नाही, पण तू ते आधी बघ.' म्हणून तर तो जुना कॉम्प्युटर काढला मी. तुम्हाला विचारलं, तुम्ही म्हणालात थांबते. घरी जाऊन निधीला फोनवर म्हटलं, तुझी बघण्यात चूक झाली. ती म्हणाली, आंटी म्हणतात तर तसंच असेल."

 जे हिल्डानं वहीपासून वाचवलं होतं ते निधीला तीन वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. ठाऊक असून तिनं त्याचं श्रेय हिल्डालाच दिलं होतं, आणि हिल्डाची इज्जत राखायला स्वतः खोटी पडली होती. खरं तर आता हेवा विरघळायला हवा होता. तो वाढला. एवढं चांगलं असायलाही या पोरीला जमतं, आणि आपल्याला जमत नाही.

"फोन लाव तो स्टँडवर," ती म्हणाली.

त्या दुपारी तिनं इरावतीला आपली बोटं दाखवली, न राखता. वीस पेशंट, खोटी नावं, खऱ्या नंबरांसह. इरावतीनं ते संथ करून पुन्हा पुन्हा बघितलं. "तुम्ही सव्वा सेकंद आधी पोचता, हिल्डा मॅडम. सव्वा!" तीन आठवड्यांत सॉफ्टवेअर बदललं. आता तेही बटणं पोटात धरून ठेवायला लागलं, आणि स्क्रीन आली की ओतायला लागलं. हिल्डा पुन्हा पेशंटकडे बघून काम करू लागली. सामंत मार्चमध्ये आले, क्षणभर दोन्हीकडे बघितलं, आणि हिल्डापुढे उभे राहिले. त्या दिवशी रोझारिओला ते तीनदा ऐकावं लागलं.

पण एप्रिलमधल्या एका सकाळी हिल्डाच्या कानांनी काहीतरी टिपलं. शेजारच्या काउंटरवरून तिचाच आवाज येत होता. तिच्या हातांचा. न थांबता चाललेली बटणं, मधे श्वास नाही, आणि वर निधीचं बोलणं, "मावशी, पाणी प्यायलात ना?" हिल्डानं तिरक्या नजरेनं पाहिलं. निधीची बोटं स्क्रीनच्या आधी पोचत होती. नंबर संपले, आणि शेवटी, टक-टक. दोनदा.

हिल्डाचे हात थांबले. चहा सांडलेला तो कीबोर्ड निधी यायच्या कितीतरी आधी भंगारात गेला होता. बटणाखाली बारीक अक्षरात कुठंच लिहिलं नव्हतं की एंटर दोनदा दाबा. भिंतीवरच्या रंगीत कागदावरही नव्हतं. हे निधीनं हिल्डाच्या बोटांकडून घेतलं होतं, तेव्हाच्या त्या चार महिन्यांत, खोडीसकट, पूजेतला एखादा विधी चुकू नये तसं.

दुसऱ्या क्षणी हिल्डानं हिशोब केला. तो जादा टक काढला तर निधी दर पेशंटमागे थोडी पुढे जाईल. आत्ता दोघी बरोबरीत होत्या. तो एक टक काढला की निधी तिच्या पुढे जाणार, आणि मग पुढेच राहणार. हिल्डाच्या बोटाचा तो टक काही आता सुटायचा नव्हता.

हिल्डा जुलैअखेर निवृत्त होतेय. शेवटच्या दिवशी, केक कापून झाला की निधीला त्या जादा टकबद्दल सांगायचं, असं तिनं ठरवलंय. अगदी नक्की ठरवलंय. रोज दुपारी पर्स उचलताना निधी तिला विचारते, "आंटी, अजून काही आहे का तुमच्याकडे, मला न शिकवलेलं?"

"काही नाही गं," हिल्डा म्हणते, "सगळं तर शिकलीस तू," आणि बस पकडायला जिना उतरते.